रांगेतला राग आणि प्रभूची प्रार्थना

संपादक महोदय,

रेशन दुकानात अंगठा उमटत नाही, बँकेत सर्व्हर बंद, रविवारी चर्चच्या फाटकात कुणाची तरी आडवी गाडी. ख्रिस्ती माणसाच्या सौम्यतेची परीक्षा उपासनेत नव्हे, इथे होते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला (1:19) क्रम स्पष्ट आहे: ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला मंद. आपण तो उलटा लावतो, तिथेच बिघडते. श्वास उथळ होतो आणि पहिले वाक्य हमखास 'तुम्ही लोक...' असे सुरू होते. तेवढे एक वाक्य गिळावे. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मनात सावकाश म्हणायला जेमतेम अर्धे मिनिट लागते. तिच्यातल्या ऋण सोडण्याच्या, म्हणजे इतरांचे अपराध माफ करण्याच्या, ओळीपाशी आले की समोरच्याचा हिशेब हलका होतो. मग आधी नमस्कार, नंतर हळू आवाजात एकच प्रश्न: 'किती वेळ लागेल? उद्या येऊ का?'

मात्र आतल्या आत धुमसणे म्हणजे क्षमा नव्हे. तक्रार असेल तर लेखी द्यावी, तारखेसह, अपशब्दांशिवाय. इफिसकरांस पत्र (4:26) रागाला सूर्य मावळेपर्यंतचीच मुदत देते. बाहेरचा राग घरच्यांवर निघाला असेल, तर रात्रीच्या जेवणाआधी माफी मागावी, 'पण तूसुद्धा' हे शब्द न जोडता.

– एक वाचक, पुणे