काकू, तुम्ही ‘थांब’ म्हणाला नाहीत

ती. काकूंस शि. सा. नमस्कार,

तुमची नजर आता अधू झालीय, तेव्हा सूनबाईंनी हे मोठ्यानं वाचून दाखवावं. बाकी ज्यांना वाचावंसं वाटेल त्यांनीही वाचावं, म्हणून उघडंच लिहिते आहे.

नागपुरात महाल भागातला आपला वाडा नाग नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होता आणि आमची खोली सगळ्यात खाली. त्या रात्री पाणी उंबऱ्यावरून आत आलं, तेव्हा आईनं धाकट्याला उचललं आणि मी चिंगीला. आईच्या जुन्या लुगड्याची बाहुली, पोटात कापूस, डोळे काळ्या दोऱ्याचे. दुसऱ्या हातात काऊ-चिऊच्या गोष्टीचं पुस्तक. जिना चढताना मला खरी भीती त्या गोष्टीचीच वाटत होती. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो आणि ती आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, अंगडं-टोपडं घालू दे.

तुमचं दार पहिल्याच थापेला उघडलं. ‘दारात काय उभी राहून राहिली? ये ना बाप्पा आत!’

सकाळी चिंगी नुसती वाळत घातली असती तर आतून कुजली असती. तुम्ही ब्लेडनं तिची कूस उसवलीत, ओला कापूस काढून सुपात पसरलात आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवलात. मग पुन्हा भरून शिवलीत. घरात लालच दोरा होता. पुस्तकाची पानं एकेक सोडवून मध्ये रद्दी घातलीत, वर पाटा ठेवलात, आणि मोरचूद टाकलेल्या खळीनं पुठ्ठा चिकटवलात. मी शेजारी बसून सगळं पाहत होते. चिमणीनं दार लगेच का नाही उघडलं, असं तेव्हाच मी विचारलं होतं. तुम्ही टाका घालता घालता म्हणालात, ‘तिला कधी पाऊस लागला नव्हता ना, पोरी.’

त्या तान्ह्या पोळ्याला मी लाकडी बैलावर चिंगीला बसवून आणलं, तर तुम्ही तिच्याही नावाचा ओवाळणीचा बोजारा माझ्या हातावर ठेवलात.

काकू, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. गणपती बसलेले होते. काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. अंधारात दार वाजलं. खालच्या घरातलं कुटुंब, आजोबांना दोघांनी धरलेलं, आणि छातीशी दप्तर धरलेली सात वर्षांची मुलगी. खरं सांगते, क्षणभर मनात आलं की घर किती पसरलंय, गाद्या कुठे घालू. पण तेवढ्यात माझा हात कडीवर गेलेला होता आणि तोंडातून तुमचंच वाक्य निघालं, अगदी ‘बाप्पा’सकट.

दुपारी त्या मुलीची वह्या-पुस्तकं मी रद्दी घालून पाट्याखाली ठेवली. झोप येईना म्हणून तिला चिंगी दिली. तिनं कुशीवरची लाल शिवण बोटानं चाचपली आणि विचारलं, हिला लागलं होतं का? मी हो म्हटलं, आणि तिला तुमच्याबद्दल सांगत बसले. ऐकता ऐकता ती झोपली.

चिंगी अजून तिच्याकडेच आहे. परत मागितली नाही, चालेल ना?

तुमची,
वाड्यातल्या खालच्या खोलीतली पोर