ती. आई-बाबांस, त्या शेअरची ऑर्डर टाकण्याआधी

पर्वरी, सोमवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, शेअरचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पत्र डायनिंग टेबलावर पडून राहतं आणि येणारा-जाणारा वाचतो. मुदत ठेव सुटल्यावर येणारे पाच लाख त्यात घालायचे का, एवढाच प्रश्न आहे. कंपनी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कर्ज थोडं आहे, नफा होतो. पण भाव वाढेल का हे नंतर बघू. घेतलेला माल विकता येईल का, याचा हिशेब आधी करायला हवा.

भाट-बागायत विकण्याचा व्यवहार तुम्हाला चांगला ठाऊक आहे. एजंट सांगतो तो दर एक, आणि गिऱ्हाईक खरोखर मोजतं तो दुसरा. तुरळक सौदे होणाऱ्या शेअरचं तसंच असतं. मोबाईलवर ठळक दिसणारा भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो. तो सौदा पंधरा शेअरचा असेल, कदाचित परवाचाही असेल. त्या भावाला आज कोणी उभा असेलच असं नाही.

म्हणून ॲपमध्ये भावाखाली ‘मार्केट डेप्थ’ उघडा. डावीकडे घेणाऱ्यांच्या पाच ओळी, उजवीकडे विकणाऱ्यांच्या पाच. समजा शेवटचा भाव १४२ रुपये आहे. विकणारे असे: १४२ ला १५ शेअर, १४३.९० ला ६०, १४५ ला १५०, १४७.५० ला ८०, १५० ला ३००. घेणारे असे: १३८.१० ला ४०, १३८ ला १००, १३६.५० ला २५, १३५ ला २००, १३२ ला ६०. आता ‘मार्केट’, म्हणजे मिळेल त्या भावाची, ऑर्डर टाकून ५०० शेअर घेतले, तर ती ऑर्डर पाचही ओळी खात १५० पर्यंत जाते आणि सरासरी पडते १४७ रुपये १३ पैसे. त्याच मिनिटाला ते विकायला काढले, तर समोर एकूण ४२५ शेअरचेच घेणारे आहेत. ते १३५ रुपये ६६ पैसे सरासरीने जातात आणि ७५ शेअर हातात राहतात. बाजार जागचा हललाही नाही, आणि जाता-येता पावणेआठ टक्के गेले. दलाली, कर अजून धरलेच नाहीत. आणि हे ५०० शेअरचं झालं, तुमच्या पाच लाखांत साडेतीन हजार येतात!

दुसरं बघायचं ते रोजची उलाढाल. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्या शेअरचे जुने भाव उतरवून घेता येतात. त्यात भावाबरोबर शेअरची संख्या, सौद्यांची संख्या आणि डिलिव्हरी झालेले, म्हणजे खरोखर घेणाऱ्याच्या खात्यात गेलेले शेअर असे वेगळे रकाने असतात. गेल्या साठ दिवसांचा डिलिव्हरीचा रकाना काढा, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी काढू नका. एखाद्या दिवशी कोणी जुन्या भागधारकाने वीस हजार शेअर एकगठ्ठा दिले की सरासरी फुगते आणि शेअर रोज धावतोय असं वाटतं. ज्या दिवशी सौदा झालाच नाही त्या दिवशी ओळच नसते, म्हणून गाळलेल्या तारखाही मोजा आणि त्यांच्या जागी शून्य धरा. सौद्यांच्या रकान्यात ४ आणि शेअरच्या रकान्यात ६,००० दिसले, तर तो बाजार नव्हे, दोन-चार माणसांची आपापसातली देवघेव असण्याची शक्यता जास्त.

मधला आकडा ४०० आला असं धरू. त्यातला पाचवा हिस्सा आपण उचलला तर भाव फारसा हलत नाही, हा माझा अंदाजपंचे नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. म्हणजे दिवसाला ८०. साडेतीन हजार शेअर विकायला ४४ दिवस, आणि महिन्याला सौद्यांचे वीस-एकवीस दिवस धरले तर दोन महिन्यांच्या थोडं वर. हाही बरा काळ चालू असतानाचा हिशेब. बातमी वाईट आली की घेणाऱ्यांची बाजू आधी रिकामी होते.

ती कशी, ते सर्किटमुळे कळतं. अशा शेअरचा भाव एका दिवसात किती वर-खाली जाऊ शकतो याला मर्यादा असते, तिलाच सर्किट म्हणतात: २, ५, १० किंवा २० टक्के. पाच टक्क्यांचं खालचं सर्किट पाच दिवस ओळीने लागलं तर १४२ चे ११० च्या जरा खाली येतात, आणि या पाचही दिवसांत घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य असतं. बाबा, तुम्ही म्हणता तो स्टॉप-लॉस इथे उपयोगाचा नाही. तो ठरलेल्या भावाला जागा होतो आणि विक्रीची ऑर्डर रांगेत लावतो, पण गिऱ्हाईक आणून देत नाही. सर्किटवर सगळ्यांचा भाव एकच, त्यामुळे ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. सकाळी सव्वानऊला ॲप उघडणारा रांगेत शेवटी असतो.

शेअरच्या नावाजवळ गटाचं अक्षर असतं, तेही बघा. मुंबई बाजारात ‘टी’ किंवा ‘एक्सटी’ असेल, किंवा राष्ट्रीय बाजारात ‘बीई’, तर तो ट्रेड-टू-ट्रेडमध्ये आहे. आज घेतलेला शेअर आपल्या डीमॅट खात्यात जमा झाल्याशिवाय विकता येत नाही. ‘झेड’ म्हणजे कंपनीने नोंदणीचे नियम पाळलेले नाहीत. असा शेअर फुकट मिळाला तरी नको. ‘एम’ म्हणजे छोट्या कंपन्यांचा एसएमई मंच, तिथे ठरलेल्या लॉटमध्येच, म्हणजे गठ्ठ्यानेच सौदे होतात. जीएसएम या देखरेखीखाली टाकलेल्या शेअरचे वरच्या टप्प्यांत आठवड्यातून एकदाच सौदे होतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखे, फक्त गर्दी नसते. आणि फारच तुरळक व्यवहार असलेल्या शेअरसाठी २०१३ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारांच्या नियामकाने, वेगळी पद्धत ठेवली आहे: दिवसभर सलग सौदे न होता तासातासाच्या सत्रात ऑर्डरी गोळा करून एकाच भावाला जुळवतात. गोव्याची कंपनी आहे, कारखाना डोळ्यांसमोर आहे, यावरून यातलं काही कळत नाही. गोवा कार्बन दोन्ही बाजारांत नोंदलेली आहे, ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा फक्त मुंबईत. होंड्याला जाताना कारखाना दिसतो म्हणून शेअर विकायला सोपा होत नाही.

इतके कमी शेअर बाजारात का येतात, याचं उत्तर भागधारणेच्या, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात असतं. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला तो द्यावा लागतो. एकूण ६० लाख शेअर आणि कंपनी ज्यांच्या ताब्यात त्या प्रवर्तकांकडे ७२ टक्के असतील, तर बाहेर उरले १६ लाख ८० हजार. त्यातून एक टक्क्यापेक्षा जास्त बाळगणाऱ्यांची नावं तक्त्यात असतात, ते सहसा हलत नाहीत, त्यांचे वजा करा. डीमॅट झालेल्या शेअरचा रकाना वेगळा असतो, फरक म्हणजे अजून कागदावर पडलेले. कोणाच्या तरी आजोबांच्या पेटीतले ते शेअर २०१९ च्या एप्रिलपासून डीमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत. वजाबाकी करत गेल्यावर खरा फिरता माल लाख-दोन लाखांवर येतो. मग हजारभर शेअरच्या मागणीनेही भाव उडतो आणि लोकांना वाटतं कंपनीत काहीतरी घडतंय. त्याच तक्त्यात प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवलेत का तेही असतं. ठेवले असतील तर विषय तिथेच बंद करा.

भाव फसवा कसा असतो, याचं मोठं उदाहरण एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं. एशियन पेंट्सचे शेअर बाळगणाऱ्या या कंपनीचे एकूण शेअर अवघे २ लाख. स्क्रीनवर भाव होता ३ रुपये ५३ पैसे. पोटात इतकी मालमत्ता असताना त्या भावाला विकणार कोण? २९ ऑक्टोबर २०२४ ला गुंतवणूक कंपन्यांसाठीच्या, किमतीची मर्यादा नसलेल्या खास लिलावात तो २,२५,००० ला उघडला आणि २,३६,२५० ला बंद झाला. मग ‘एक लाखाचे ६७० कोटी झाले’ असे मेसेज फिरले. गुणाकार बरोबर होता, पण साडेतीन रुपयांच्या भावाने २८ हजार शेअर, म्हणजे कंपनीचा सातवा हिस्सा, कोणाला कधी मिळालाच नसता.

उलट बाजूही आहे. २०२३ च्या मार्चमध्ये साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबाबत सेबीने अंतरिम आदेश काढला. यूट्यूबवर खोट्या माहितीचे व्हिडिओ टाकून भाव चढवला आणि चढ्या भावात आपला माल लोकांच्या गळ्यात मारला, असा त्यात ठपका होता. तुमच्या मॉर्निंग वॉकच्या मित्राला ‘रोज वरचं सर्किट लागतंय’ हे ज्या ग्रुपवर कळलं, त्या ग्रुपचं मला काही माहीत नाही, मित्राच्या हेतूबद्दल शंकाही नाही. पण रोज चाळीस-पन्नास शेअरवर लागणारं सर्किट कोणालाही परवडतं.

इतकं करूनही घ्यावासा वाटला, तर दहा दिवसांत बाहेर पडता येईल एवढाच घ्या: ८०० शेअर, सव्वा लाखाच्या आत. बाकीचे पुन्हा ठेवीत. ऑर्डर नेहमी ‘लिमिट’, म्हणजे भाव आपण ठरवायचा. शेअर दोन्ही बाजारांत असेल तर दोन्हीकडची डेप्थ पाहून जिथे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावातली फट कमी तिथे टाका. घेणाऱ्यांच्या वरच्या ओळीपेक्षा पाच-दहा पैसे जास्त लावून ५०-६० शेअरची ऑर्डर ठेवायची आणि सोडून द्यायची. लागली तर लागली, संध्याकाळी ती आपोआप रद्द होते. सकाळची पहिली वीस मिनिटं टाळा. आई, यांचा हात ‘मार्केट’कडे जाऊ लागला की तूच अडव, हंगामातल्या पहिल्या मानकुराद आंब्याला हे मागितला तो दर मोजून येतात, तुला माहीत आहे.

तुकड्यातुकड्याने विकण्याचा खर्चही धरा. डीमॅटमधून शेअर बाहेर गेला की डीपीचं, म्हणजे खातं सांभाळणाऱ्याचं शुल्क दिवसाला एकदा ठरावीक लागतं, ८० विका की ८००. शिवाय प्रत्येक बाजूला ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर. ‘एक्स’, ‘एक्सटी’ गटांत बाजाराचं शुल्कही जास्त असतं. ब्रोकरकडून दरपत्रक मागून घ्या.

कराच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आहे, आणि गोव्याबाहेरचे सीए ती हमखास विसरतात. पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या पती-पत्नीसाठी आयकर कायद्यात वेगळी तरतूद आहे, १९६१ च्या कायद्यात ती कलम ५ए मध्ये होती. पगार आणि पेन्शन ज्याची त्याची, पण भांडवली नफा निम्मा-निम्मा दोघांच्या विवरणपत्रात जातो. आयटीआर-२ मध्ये त्यासाठी वेगळं शेड्यूल आहे. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, वर्षानंतर १२.५ टक्के, तेही प्रत्येकाच्या सव्वा लाखाच्या सवलतीवरच्या नफ्यावर.

आणि डीमॅट एकट्या बाबांच्या नावावर आहे, ते मला बरं वाटत नाही. नॉमिनी घातला म्हणजे तो मालक होत नाही, आपल्याकडे वारसा-दस्त किंवा इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीची कोर्टातली कारवाई, चुकत नाही. त्यात शेअरची किंमत स्क्रीनवरच्या भावाने मांडली जाणार आणि वाटणीत ज्याच्याकडे तो येईल त्याने घेणारा शोधत बसायचं. चवथीला सगळे जमतात तेव्हा हाही विषय काढू. आहे त्या डीमॅट खात्यात नाव वाढवता येत नाही, दोघांच्या नावाने नवीन उघडावं लागेल.

रविवारी दुपारपर्यंत डिचोलीला पोचते. बाबा, तोवर साठ दिवसांचा तो तक्ता छापून ठेवा, अक्षर मोठं करून. आणि ठेवीची पावती कपाटातून काढून ठेव गं आई, सुटायची तारीख बघायची आहे.

तुमची,
बाय