एकदा कार्डिओग्राम काढून घे

कोल्हापूर,
गुरुवार, रात्री

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन झाला, पेटीतले दोन आंबे दबले तेही कळलं, पण मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. मी विषय काढला की तू "आई, झालं की आता" म्हणतोस आणि फोन मंजूच्या हातात देतोस. म्हणून लिहायला बसले.

पन्हाळ्यावर अंधारबावीच्या विहिरीतून वर येताना तुला जो दम लागला, तो उन्हाचा नव्हता. ऊन होतं, कबूल. पण तेच ऊन चिमीलाही होतं आणि ती पळत माझ्यापाशी वर आली. तू मध्येच भिंतीला हात टेकून उभा राहिलास. वरच्या ओठावर घाम, चेहरा पांढराफटक, आणि दुसऱ्या हातानं छाती चोळत होतास. विचारलं तर म्हणालास, पित्त झालंय, सकाळची मिसळ बाधली. यांनीही त्या संध्याकाळी पित्तच म्हणून सोडा मागवला होता. पुढचं तुला सांगायला नको.

असो. हे सगळं शेवटी लिहायचं ठरवलं होतं.

या खेपेला घरात बसायचं नाही, पोरांना आपलंच गाव पाहुण्यांसारखं फिरून दाखवायचं, हे तुझं मला फार आवडलं. लग्न होऊन पेठेत आले तेव्हापासून न्यू पॅलेसवरून येणं-जाणं आहे, पण तिकीट काढून आत जायचं कधी मनातही आलं नाही. तो काळ्या दगडाचा राजवाडा १८७७ ते १८८४ अशी सात वर्षं बांधत होते, हे मला दादूनं वाचून दाखवलं. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ती ब्राँझची ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती, वीतभरसुद्धा नाही, चिमी काचेला नाक लावून बघत होती. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली म्हटल्यावर विचारते, "आजी, आपल्याकडे समुद्र नाही, मग समुद्राचा देव कसा आला?" दोन हजार वर्षांपूर्वी इथून रोमपर्यंत व्यापार चालायचा, हे तू सांगितलंस. मी ज्या पंचगंगेच्या घाटावर दिवे सोडत आले, त्याच्या शेजारीच ती टेकडी. माझा ऊर भरून आला बघ.

आणि तीन दरवाजापाशी तू सिद्दी जौहरचा वेढा सांगायला लागलास तेव्हा तर विचारू नकोस. १६६० सालचा आषाढ, कोसळता पाऊस, महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेले शिवा काशीद, इकडे विशाळगडाची चिखलाची वाट, आणि घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिलेले बाजीप्रभू. शेजारून चाललेलं एक अनोळखी कुटुंब थांबून ऐकायला लागलं. शाळेत चार ओळी म्हणायच्या म्हटलं तरी तुझे पाय लटपटायचे. युनेस्कोच्या यादीत २०२५ साली पन्हाळा आला ते मी पेपरात वाचलं होतं, पण गड मोठा का, ते पोरांना त्या दिवशी तुझ्या तोंडून कळलं. त्यानंतर अर्ध्या तासात तू त्या भिंतीला टेकलास.

आता एक सांगते, रागावू नकोस. पोरांना घेऊन फिरायचं तर इतकी घाई कशाला? एका दिवसात राजवाडा, टाऊन हॉल, अंबाबाई, चप्पल लाईन, रंकाळा; दुसऱ्या दिवशी पन्हाळा उरकून लगेच जोतिबा. मोबाईलमधल्या यादीवर खुणा करत पळायचं. पोरं सगळ्यात जास्त कुठं रमली, सांग. गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांसमोर काढली आणि फेसाळ दुधाचा पेला हातात दिला तिथं. यादीत ते नव्हतंच. मुलांना एक जागा दिवसभर पुरते, मोठ्यांनी बसायला हवं. तू बसतच नाहीस. ऑफिसातही असाच, जेवण चार वाजता, झोप पाच तास. राहू दे. मंजूदेखत बोलले नाही, आता लिहूनही टाकलं. वाईट वाटून घेऊ नकोस.

केशवराव भोसले नाट्यगृहापुढं तू दादूला आगीबद्दल सांगत होतास, तेव्हा मी मुद्दाम रिक्षात बसून राहिले. ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आम्ही सगळे गच्चीवरून ज्वाळा बघत उभे. राज्य नाट्य स्पर्धेत यांनी तिथं म्हाताऱ्या वकिलाचं काम केलं होतं, तू माझ्या मांडीवर झोपला होतास. शेजारच्या खासबागेत तुला खांद्यावर घेऊन कुस्त्या दाखवायचे. शाहू महाराजांनी आखाडा मधोमध खोल आणि बैठका चढत्या केल्या आहेत, कुठूनही दिसतं, तरी खांद्यावरच. उतर म्हटलं तर तू रडायचास. शेवटच्या वर्षी तुला उचलताना त्यांना धाप लागायची, आम्ही म्हणायचो, पोरगं वजनदार झालंय.

त्यांना ४७ पूर्ण झाली होती. तू मार्गशीर्षात ४५ चा होशील.

तेव्हा या शनिवारी सुट्टी आहे, मंजूला घेऊन जा. एकटा जाऊ नकोस. कार्डिओग्राम काढ, ट्रेडमिलवर पळवतात ती तपासणी कर, रक्त दे. डॉक्टरांना वडिलांचं स्पष्ट सांग, लाजू नकोस. काही निघालं नाही तर मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन.

सगळं नीट असेल तर नोव्हेंबरात ९, १० किंवा ११ तारखेला या. अंबाबाईचा किरणोत्सव पोरांनी पाहिलेला नाही. मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर पडतं आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतं. यादी घरी ठेवून या, त्या दिवशी तेवढंच बघायचं.

कांदा-लसूण चटणीचा डबा दिलाय तो पोरांसाठी. तू तपासणी होईपर्यंत खाऊ नकोस. रिपोर्टचे फोटो मंजूला पाठवायला सांग. तू पाठवलेस तर बरं आहे तेवढंच पाठवशील.

तुझी,
आई