न ऐकू येणाऱ्या सिकाडाचा शोध

साउदम्प्टन,
31 मे

ती. बाबा व ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

काल ऊन चांगले होते आणि वाराही पडलेला होता, म्हणून धाकटीला घेऊन अर्ध्या तासावरच्या न्यू फॉरेस्टमध्ये सिकाडा शोधायला गेले. ज्यांना आपण गावी सरसकट रातकिडे म्हणतो, पण जे भर दुपारीच अधिक ओरडतात, त्यांचाच हा एक भाऊबंद. ब्रिटनमधला मूळचा असा हा एकमेव. या जंगलात त्याची पहिली नोंद 1812 सालची, आणि 1990च्या दशकानंतर तो खात्रीने कोणाला दिसलेला नाही. 2025 साली स्लोवेनियातून थोडे सिकाडा आणून त्यांची पैदास करण्याचा प्रयत्न इथे सुरू झाला, तरी एखादा मूळचा अजून कुठेतरी तग धरून असेल, या आशेने माझ्यासारखी माणसे मे-जूनमध्ये भटकतातच.

मोसमाच्या सुरुवातीला किड्यापेक्षा जमीनच पाहावी लागते. कित्येक वर्षे मुळांचा रस पिऊन वाढलेली पिल्ले वर येण्याआधी मातीची लहानशी धुराडी बांधतात. दोन तास आम्ही दक्षिणेकडे उतरणाऱ्या उघड्या गवतात अक्षरशः रांगत होतो, पण धुराडे सापडले नाही. आपल्या फणसाच्या बुंध्याला चिकटलेल्या, गावच्या अशाच किड्यांच्या पोकळ काती आई झाडूने काढून टाकते, हे मी धाकटीला सांगितले, तेव्हा आजीने त्या का जपून ठेवल्या नाहीत, असे तिने फारच गंभीरपणे विचारले.

खरी अडचण कानांची आहे. या सिकाडाचा सूर सुमारे 14 किलोहर्ट्झचा, म्हणजे इतका उंच, की चाळिशी उलटलेल्या बहुतेकांना तो ऐकूच येत नाही. म्हणून इथल्या विद्यापीठाने 2013 मध्ये तो ओळखणारे फोनचे ॲप तयार केले होते. निघण्यापूर्वी मी घरी तेवढ्या उंचीचा सूर लावून पाहिला. धाकटीने कानांवर हात ठेवले, आणि मला मात्र खोली पूर्ण शांत वाटत होती.

बाबा, गेल्या वर्षी तुम्हाला ताप असताना थर्मामीटर वाजूनही तुम्ही तो काढत नव्हता, तेव्हा लक्ष नसते म्हणून मी तुमच्यावर चिडले होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. काल त्या गवतात बसून धाकटीला सारखे "काही ऐकू येते का?" असे विचारताना मला तो प्रसंग आठवला, आणि माझे चुकले, हे फोनवर सांगण्याऐवजी लिहूनच कळवावेसे वाटले.

आपल्याकडच्या किड्यांचा आवाज इतका उंच नसतो, तेव्हा पडवीत बसल्यावर तो तुम्हाला अजून ऐकू येतो का, हे कळवा. आई, पाऊस सुरू होण्यापूर्वी एखाद्या दुपारी फणसाखाली फोन धरून मिनिटभर आवाज टिपून पाठव. धाकटीला तो ऐकायचा आहे, आणि मलाही. जूनच्या मध्यावर ऊन असेल तर आम्ही पुन्हा जाणार आहोत.

तुमची,
लेक