उजव्या स्टीअरिंगवरून अस्सलपणा ठरत नाही

महोदय,

जुन्या ब्रिटिश रोडस्टर (उघड्या, दोन आसनी) गाड्यांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात उजवीकडे स्टीअरिंग असलेली गाडी तेवढी अस्सल, असा सूर आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कर्जात बुडालेल्या ब्रिटनला डॉलरची निकड होती आणि मोटार कारखान्यांना पोलादाचा वाटा निर्यात पाहूनच मिळत असे. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या अबिंग्डन येथील कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या सुमारे १०,००० एमजी टीसी गाड्यांपैकी एकूण एक गाडीचे स्टीअरिंग उजवीकडे होते. अमेरिकेत गेलेल्या सुमारे २,००० गाड्याही त्याला अपवाद नव्हत्या. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावणाऱ्या त्या देशात टीसीचा चालक फुटपाथच्या कडेला बसे आणि पुढच्या ट्रकला मागे टाकायचे तर समोरून काय येत आहे हे दिसण्यासाठी त्याला जवळजवळ सगळी गाडी बाहेर काढावी लागे. तरीही हौशी अमेरिकनांनी ती घेतली, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढची बाजारपेठ तिनेच उघडली. त्यानंतरच्या टीडी या मॉडेलमध्ये रॅक-अँड-पिनियन (दातेरी पट्टी व दातेरी चाकाचे) स्टीअरिंग आले, डाव्या बाजूचा पर्याय मिळाला आणि सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचा दर ४.०३ वरून २.८० डॉलरवर उतरल्याने गाडी अमेरिकेत स्वस्तही पडू लागली.

१९५५ ते १९६२ या काळातील एमजीए या एमजीच्याच मॉडेलचे आकडे तर बोलके आहेत. एकूण १,०१,०८१ गाड्यांपैकी ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या अवघ्या ५,८६९. म्हणजे डावे स्टीअरिंग हेच या मॉडेलचे नेहमीचे रूप होते. जॅग्वार एक्सके १२० चीही बहुतांश विक्री परदेशातच झाली.

अलीकडे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत न गंजता टिकलेल्या अशा गाड्या ब्रिटनमध्ये परत आणून त्यांचे स्टीअरिंग उजवीकडे बसवले जाते. तेथील रस्त्यांवर त्याची सोय आहे हे मान्य. पण अशा बदलाला ‘मूळ रूपात आणणे’ म्हणणे चुकीचे आहे आणि त्यात गाडीच्या निर्यातीचा इतिहास पुसला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. गाडी घेणाऱ्याने किमान चॅसिस क्रमांक तरी वाचावा. एमजीए १६०० रोडस्टरच्या क्रमांकात ‘जीएचएन’ या अक्षरांपुढे ‘एल’ असेल, तर ती कारखान्यातून डाव्या स्टीअरिंगनेच बाहेर पडलेली आहे.

– एक वाचक, पुणे