वणवा लागण्याआधीच्या कामासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या पाच गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी एकत्र येऊन वणवा प्रतिबंधाचे काम हाती घेतले, त्याला आता सहा वर्षे होत आहेत. एका दात्या संस्थेची मदत वगळता या कामासाठी आजवर आम्ही गावांबाहेर वर्गणी मागितली नव्हती. फावडी, कोयते आणि दंताळी घरोघरची होती, माणसे गावांतलीच होती आणि वन विभागाचे वनरक्षक वेळप्रसंगी सोबत उभे राहत होते. यंदा मात्र आम्हाला आपल्याकडे दोन गोष्टींसाठी मदत मागायची आहे. वर्षभर हे काम सांभाळणाऱ्या एका पूर्णवेळ प्रकल्प समन्वयकाचे मानधन ही पहिली, आणि डोंगरावर आग लागल्यावर सर्वांनी ज्या व्यक्तीचा शब्द मानायचा अशा प्रशिक्षित आगप्रमुखाची व तिच्या तुकडीची तयारी ही दुसरी. अवजारांसाठी मदत मागणे सोपे असते, मानधनासाठी मागणे जड जाते, हे आम्ही जाणतो; म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडत आहोत.

महाराष्ट्राच्या सर्व विभागांत मराठवाड्याच्या वाट्याला सर्वांत कमी वन आले आहे, आणि लातूरसारख्या जिल्ह्यात तर ते एक टक्काही नाही. जे आहे ते बालाघाट आणि अजिंठ्याच्या रांगांवर व किनवटच्या बाजूला टिकून आहे. आमच्याच तालुक्यात १९९४ साली मोरांसाठी घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य जेमतेम तीस चौरस किलोमीटरचे आहे. अशा प्रदेशात एका दुपारी दोन-तीनशे एकर डोंगर काळा पडतो, तेव्हा ते नुकसान विदर्भातल्या घनदाट जंगलाच्या मोजमापाने मोजता येत नाही.

आमच्या डोंगरावर पावसाळ्यात कुसळी, पवना आणि मारवेल ही गवते गुडघ्याच्या वर वाढतात, आणि थंडी सरता सरता ती वाळून कडक होतात. मग ठिणगी कोठूनही येते. कोणी बांधावरचे गवत पेटवतो, कोणी पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा ढीग जाळून घरी निघून जातो, कोणी मोहोळ काढायला धूर करतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो. काही जण मुद्दाम पेटवतात, कारण जाळले की गवत जोमाने फुटते असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या समजात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. जळालेल्या जागी पहिल्या पावसानंतर हिरवे कोंब लवकर दिसतात हे प्रत्येक गुराख्याने पाहिलेले आहे. परंतु मुरमाड उतारावर वर्षानुवर्षे हेच घडत राहिले, तर झाडांची रोपे वर येत नाहीत, उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या सरींनी वाहून जाते आणि उरतो तो दगड. शिवाय जून उजाडेपर्यंत जनावरांना जे वाळलेले गवत पुरायचे असते, तेच आधी जळून जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यातील हजारो शेतकऱ्यांना जनावरे घेऊन चारा छावण्यांत राहावे लागले होते. ज्यांनी तो उन्हाळा काढला आहे, त्यांना चाऱ्याची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही.

सीताफळाचेही तसेच आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आमच्या डोंगरउतारांवरची रानसीताफळे दसरा-दिवाळीच्या सुमारास कित्येक घरांतील स्त्रियांच्या हातात चार पैसे आणून देतात. हे झाड उन्हाळ्यात फुटते आणि फुलते, म्हणजे नेमके वणव्याच्या दिवसांत. तितर आणि माळटिटवी यांची वीणही उन्हाळ्यातच सुरू होते आणि त्यांची अंडी जमिनीवर असतात. त्या अंड्यांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. वन विभागाच्या दृष्टीने वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा असतो आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून व जाळून मोकळे केलेले पट्टे, त्याआधी तयार व्हाव्या लागतात. आमच्या गावांतील निम्मी धडधाकट माणसे मात्र दसरा-दिवाळी झाली की उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या, काही तर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परततात. जाळरेषा काढण्याच्या काळात आणि हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत गावात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि मागे राहिलेल्या स्त्रिया असतात. ‘लोकसहभागातून वणवामुक्ती’ हे शब्द आम्हीही अनेक बैठकांत उच्चारले आहेत, पण ज्या गावाचे लोकच सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात पालावर राहतात, तेथे लोकसहभाग केवळ हाकेवर उभा राहत नाही. त्यासाठी कोणीतरी ऑगस्टपासून यादी करून, कोण राहणार आणि कोण जाणार हे घरोघर विचारून, राहणाऱ्यांना वेळेवर मजुरी मिळेल याची सोय करून काम आखावे लागते.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात घडलेला प्रसंग सांगणे आमचे कर्तव्य आहे. दुपारी दोनच्या सुमारास खिंडीखाली धूर दिसला आणि चार गावांतून साठ-सत्तर माणसे धावली. धैर्याची कमतरता कोणातही नव्हती. वरच्या वाटेवर पोचलेल्या एका गटाने आगीला अडवण्यासाठी समोरून जाळ लावला; त्याच वेळी नाल्याच्या बाजूने चढलेले दोन तरुण हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत मधल्या उतारावर आले होते, हे वरच्यांना माहीत नव्हते. दोन्ही आगींच्या मध्ये ते सापडले. जवळच एक उघडा खडक होता म्हणून ते वाचले, पण एकाचे दोन्ही हात आणि पाय भाजले व त्याला दीड महिना रुग्णालयात काढावा लागला. त्या दिवशी डोंगरावर आदेश देणारे दहा जण होते आणि सर्वांचा हिशेब ठेवणारा एकही नव्हता. यात दोष आमच्या समितीचा होता, आणि तो आम्ही ग्रामसभेत मान्य केला आहे.

तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहकांचा चमू वणव्यात सापडून वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. आग उतारावर चढत असताना तिच्या वरच्या बाजूला असणे किती घातक असते, हे त्या घटनेने दाखवून दिले. आग वर चढताना पुढचे गवत आधीच तापवत जाते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो असे ठोकताळे आहेत. अमेरिकेतील वणवा-दलात काम केलेल्या पॉल ग्लीसन यांनी १९९१ मध्ये आगीवर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीसाठी चार अटी मांडल्या होत्या. आगीवर सतत नजर ठेवणारा टेहळ्या हवा, सर्वांशी संपर्क हवा, सुटकेची वाट आधी ठरलेली हवी आणि त्या वाटेच्या शेवटी सुरक्षित जागा हवी. आमच्या त्या दुपारी या चारपैकी एकही अट पूर्ण झालेली नव्हती.

आगप्रमुख म्हणजे आम्हाला अशी व्यक्ती अभिप्रेत आहे, जी स्वतः डहाळी हातात घेणार नाही. तिने मागे उभे राहून वारा, उतार आणि माणसे पाहायची, किती जण वर गेले आणि किती परतले याची नोंद ठेवायची, जळून गेलेल्या बाजूला पाय रोवूनच कडेने आग दाबत पुढे सरकण्याची शिस्त पाळून घ्यायची, समोरून जाळ लावायचा की नाही हे वनाधिकाऱ्यांशी बोलून ठरवायचे, आणि परिस्थिती हाताबाहेर जाते आहे असे दिसताच ‘मागे फिरा’ असे निःसंकोच सांगायचे. गवत पुन्हा उगवेल, हे सांगण्याचा अधिकार तिला सर्व गावांनी आधीच दिलेला असला पाहिजे. आग डोळ्यांसमोर असताना तो मागून मिळत नाही. हंगामात गावात स्त्रियाच जास्त असतात, तेव्हा हे नेतृत्वही त्यांच्याकडे जावे असा ठराव पाचही ग्रामसभांनी केला आहे. उत्तर कॅलिफोर्नियात २०१६ पासून स्त्रियांना आगीचे नेतृत्व शिकवणारी स्वतंत्र शिबिरे भरू लागली. आमच्याकडे अशी सोय नसली, तरी बचत गटांतील चौदा जणींनी गेल्या वर्षी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांबरोबर जाळरेषेचे काम शिकून घेतले आहे.

जाळरेषेचे काम बाहेरून साधे वाटते. ठरलेल्या पट्ट्यातले गवत कापायचे, दंताळ्याने ओढून मध्ये आणायचे, आणि वारा पडलेला असताना, दव पुरते उडालेले नसताना ते माणसांच्या पहाऱ्यात जाळून टाकायचे. पण चुकीच्या वेळी पेटवलेली जाळरेषा स्वतःच वणवा होते. वनजमिनीवर हे काम वन विभागाच्या उपस्थितीतच होते आणि होईल; अभयारण्यात आग लावण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार मनाई आहे, हे आम्ही प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिले आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार वनातून चराई वा अन्य हक्क भोगणाऱ्यांवर आग विझवण्यास मदत करण्याचे बंधनही आहे. समितीचे स्वतःचे काम गायरान, पडीक माळ आणि बांधांच्या कडेला आहे, कारण आग बहुधा तेथूनच वनात शिरते.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना नोंदणी केलेल्या कोणालाही मोबाइलवर मिळते, आणि आमचे सदस्य ती घेतात. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, आणि गवताची आग तासाभरात अख्खा उतार पार करते. म्हणून भर दुपारी उंचवट्यावर बसून क्षितिज पाहणारा टेहळ्या आजही अपरिहार्य आहे.

आता समन्वयकाविषयी. चार वर्षांपूर्वी एका दात्या संस्थेने आम्हाला तीन ब्लोअर, म्हणजे हवेचा झोत सोडणारी पेट्रोलवरची यंत्रे, दिले. त्यांतील दोन आज बंद आहेत, कारण हंगाम संपल्यावर टाकीतले पेट्रोल काढून यंत्र कोरडे ठेवायचे असते, आणि ते करणे ही नेमकी कोणाची जबाबदारी होती हे ठरलेलेच नव्हते. त्याच संस्थेचा दुसरा हप्ता विनियोग प्रमाणपत्र (मिळालेला पैसा कसा खर्चला याचा दाखला) मुदतीत न पाठवल्यामुळे आम्ही गमावला. दात्यांचा यात काही दोष नाही. हजेरीपत्रक, मजुरीचे वाटप, पावत्या, वन विभागाशी पत्रव्यवहार, ग्रामपंचायतींचे ठराव, कोणत्या तारखेला कोणत्या जाळरेषेचे किती मीटर काम झाले याची नोंद, लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयात वेळेवर हिशेब, एवढे सगळे आजवर शेती सांभाळून संध्याकाळी कंदिलाच्या वेळेला आमच्यातील दोघे-तिघे करत आले, आणि त्यात त्रुटी राहिल्या. दाते ज्याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून वगळतात, त्याच्याच अभावी त्यांनी दिलेली यंत्रे गंजली. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्या अनुभवाची ही सर्वांत खर्चिक शिकवण आहे आणि ती आपल्यापुढे ठेवणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटते.

येत्या वर्षाचा अंदाजित खर्च असा आहे. समन्वयकास दरमहा १८,००० रुपयांप्रमाणे बारा महिन्यांचे २,१६,००० रुपये, आगप्रमुखास पाच महिन्यांचे ७५,००० रुपये, आणि १२० दिवस डोंगरावर राहणाऱ्या सहा टेहळ्यांना ४०० रुपये रोजाने २,८८,००० रुपये लागतील. गायरानावरील जाळरेषांच्या मजुरीसाठी ५२,००० रुपये, यंत्रांची दुरुस्ती, बूट, शिट्ट्या, पाण्याचे पाठपंप आणि पूर्ण बाह्यांचे सुती सदरे यांसाठी ६०,००० रुपये, अपघात विमा व प्रथमोपचारासाठी १५,००० रुपये धरले आहेत. सदरे सुतीच हवेत, कारण टेरिलीनचे कापड आगीजवळ वितळून अंगाला चिकटते. एकूण ७,०६,००० रुपयांपैकी १,०६,००० रुपये पाच गावांनी घरटी वर्गणीतून उभे करण्याचे ठरवले असून, उरलेल्या ६,००,००० रुपयांसाठी हे आवाहन आहे.

एका टेहळ्याचा एका महिन्याचा रोज १२,००० रुपये होतो. एकरकमी देणे शक्य नसेल, तर समन्वयकाच्या मानधनाचा काही भाग दरमहा देण्याचे आश्वासन आम्हाला अधिक उपयोगी पडेल, कारण त्या भरवशावर आम्ही वर्षभरासाठी नेमणूक करू शकू. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या लेकी-लेकरांना ही विनंती विशेषत्वाने आहे. देणगी समितीच्या बँक खात्यातच स्वीकारली जाईल. रोख रक्कम कोणी मागितल्यास देऊ नये. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाचही ग्रामपंचायतींच्या फलकावर लावला जाईल. आयकर सवलतीची नोंदणी आम्हाला अद्याप मिळालेली नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पैशांखेरीजही मदत हवी आहे. हिशेब आणि लेखापरीक्षण जाणणाऱ्या व्यक्तीने महिन्यातून एक दिवस दिला, भाजलेल्यांवरील प्रथमोपचार शिकवायला एखादे डॉक्टर दोन दिवस आले, ब्लोअर दुरुस्त करणारा कारागीर जानेवारीत एकदा येऊन गेला, तर आमचे मोठे काम होईल. समन्वयक पदासाठी पदवीधर, संगणकावर हिशेब ठेवू शकणाऱ्या आणि मोटारसायकलवर डोंगरगावांत फिरण्याची तयारी असलेल्या उमेदवारांनी दसऱ्यापूर्वी कोणत्याही सदस्य ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अर्ज द्यावा. तालुक्यातील स्त्री उमेदवारांना प्राधान्य राहील. नेमणूक दिवाळीपूर्वी करावयाची आहे, म्हणजे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघण्याआधी समन्वयकाला त्यांच्या घरी जाऊन भेटता येईल आणि मागे कोण राहणार आहे याची यादी पुरी करता येईल.

आपले विनीत,
पाच गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य
तालुका पाटोदा, जिल्हा बीड