धिस म्हणजे कोण?

बडोदा,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय विन्या,

जावास्क्रिप्टमधल्या ‘धिस’ (this) या शब्दावरून वैतागलेला तुझा मेसेज वाचून हसू आलं. ‘आतल्या ऑब्जेक्टला बाहेरचा दर दिसतच नाही, डोकं फुटायची वेळ आलीय.’ अरे, माझं फुटून शिवूनही झालंय. फोनवर सांगितलं तर तू मध्येच बोलतोस, म्हणून हे सविस्तर.

दांडिया बाजारातल्या एका फरसाणवाल्या काकांचं बिलांचं काम मी करून दिलं, ते तुला माहीत आहे. बिल नावाचा ऑब्जेक्ट (म्हणजे नावं दिलेल्या माहितीचा डबा), त्यात कराचा दर, आणि पोटात माल नावाचा दुसरा ऑब्जेक्ट: वजन, भाव, कर. (जावास्क्रिप्टला व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात बरं का. एकदा करून बघ, वाचताना भारी वाटतं.) कर साठवायचा नाही, मागितला की मोजायचा, म्हणून मालातच गेटर, म्हणजे मागितलं की चालून उत्तर देणारं फंक्शन, लिहिला: धिस.वजन गुणिले धिस.भाव गुणिले धिस.दर भागिले शंभर. पहिलं बिल छापलं तर कराच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. काकांनी चष्मा वर करून विचारलं, “आ शुं छे, भाई?”

तुझं दुखणं हेच. गेटरमधला धिस म्हणजे ज्याच्यावर तो गेटर मागितला तो ऑब्जेक्ट. बिल.माल.कर म्हटलंस की धिस झाला माल. मालाला आपण कुणाच्या पोटात आहोत याचा पत्ताच नसतो, तेव्हा धिस.दर अनडिफाइन्ड, म्हणजे तिथे काहीच नाही, आणि गुणाकाराचा बोऱ्या.

मी काय केलं? आळस. गेटरमध्ये सरळ दुकान.दर लिहिलं, म्हणजे सगळ्या बिलांसाठी बाहेर एकच दर. महिनोन्‌महिने सुरळीत चाललं. मग २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. मी रुबाबात एक आकडा बदलला, सगळीकडे नवा दर लागला, आणि गेटर म्हणजे काय चीज आहे यावर काकांना भाषणही दिलं. आठवड्याने एका गिऱ्हाइकाला ऑगस्टच्या बिलाची दुसरी प्रत हवी झाली. माल ५६० रुपयांचा. त्याच्याकडच्या कागदावर कर ६७ रुपये २० पैसे, माझ्या प्रतीवर २८. मी फक्त वजन आणि भाव साठवत होतो ना! जुनी बिलं उघडली की नव्या दराने मोजली जात होती. काका काही बोलले नाहीत, नुसतं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसले. ते जास्त लागलं.

आता मी कराचा गेटर मालातून काढून बिलावर ठेवलाय, जिथून धिस.दर आणि धिस.माल.वजन दोन्ही दिसतात. दर प्रत्येक बिलाचा स्वतःचा. आणि बिल फाडून गिऱ्हाइकाला दिलं की जेसन.स्ट्रिंगिफाय करून (म्हणजे ऑब्जेक्टचा साधा मजकूर बनवून) तेच साठवायचं. त्यात गेटर चालतो, आलेला आकडा लिहिला जातो, परत उघडलं की गेटर गायब, नुसता आकडा. आधी मला हा जेसनचा दोष वाटायचा; फाडलेल्या बिलाला मात्र हेच हवं. चालू बिलात मोजावं, फाडलेलं गोठवावं.

एक फजिती अजून. गेटर मी आधी ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टीने लावला होता, तर जेसनमध्ये कर उतरेचना. त्यात एन्युमरेबल (मोजदादीत धरायचं की नाही ही खूण) स्वतःहून खोटं असतं, खरं करावं लागतं. गेटर आणि हे दोन्ही २००९ च्या ईएस५ (जावास्क्रिप्टच्या प्रमाणाची पाचवी आवृत्ती) पासून आहेत, तरी माझी एक रात्र गेली. आणि तीन टिंबांनी (स्प्रेडने) ऑब्जेक्टची कॉपी करताना जप: वरचा गेटर गोठून आकडा होतो, आतला ऑब्जेक्ट मात्र दोघांत सामाईकच राहतो. कॉपीतलं वजन बदललंस की मूळ बिलातलंही बदलतं.

ॲरो फंक्शनच्या (बाणाच्या खुणेने लिहायच्या छोट्या फंक्शनच्या) नादी लागला असशील तर आधीच सांगतो, त्याला स्वतःचा धिस नसतो. तुझी फाइल पाठव, बघतो. आणि उत्तरायणला येतोयस ना? आई विचारत होती. मांजा मी घेऊन ठेवतो, गेल्या वेळचे पैसे तू अजून दिलेले नाहीस.

तुझा,
सुध्या